शेगडीसमोरचं खोकं

स्टुलावर उभं राहून काकांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवरल्या खोक्याचा चौथा स्क्रू सोडवला आणि तो ओठांत धरला. बायको चारला शिवणवर्ग घ्यायला गेली होती, सहाच्या आत यायची नव्हती. मंगळवार आणि शुक्रवार हे तिचे शिकवायचे दिवस. तेवढ्या वेळात खोकं उघडायचं, आत काय चाललंय ते बघायचं आणि होतं तसं परत लावून ठेवायचं, असा त्यांचा बेत होता.

गल्लीत त्यांना एक्स्चेंजवाले काका म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं त्यांनी बिघडलेल्या लाइनी दुरुस्त केल्या होत्या. एकाच्या फोनला कुणीतरी चोरून जोडलेली तार त्यांनीच एकदा हुडकून काढली होती. तेव्हापासून भिंतीवर नवीन काही दिसलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

हे खोकं चार महिन्यांपूर्वी लेकीनं बसवलं होतं. “धूर झाला तर कळेल, बाबा,” एवढंच ती म्हणाली. पण धुराला भिंग कशाला लागतं? आणि तेही शेगडीकडे रोखलेलं? शिवाय लेकीचा फोन यायचा तो नेमका आई घरात नसताना.

“बाबा, स्वयंपाकघरात जा ना जरा. तो निळा डबा आहे का बघा.”

कधी निळा डबा, कधी चाळण. काका आत जात, तर शेगडी चालू, पातेलं करपत आलेलं. ते गॅस बंद करत आणि बायको घरी आली की तिला फैलावर घेत. ती चपला काढता काढता म्हणे, “राहिला असेल हो. डोकं ठिकाणावर नसतं माझं हल्ली.”

तिचं हे विसरणं काका डायरीत तारीख-वेळ घालून लिहीत होते. पुढेमागे डॉक्टरांना दाखवावं लागेल म्हणून. सात नोंदी झाल्या होत्या. पण लेकीला एवढ्या लांबून नेमकी वेळ कशी साधते? मायलेकींनी मिळून आपल्यावर पहारा बसवलाय, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

खोक्यात तळहातापेक्षा लहान हिरवा बोर्ड होता. लेकीनं घरी ठेवलेला जुना लॅपटॉप त्यांनी जेवणाच्या टेबलावर मांडला. असे बोर्ड ती पूर्वी याच टेबलावर जोडायची, तेव्हा काका शेजारी बसून बघायचे. त्यांनी मोबाइलच्या चार्जरची वायर लावली. बोर्डावर दिवा लागला, पण लॅपटॉपला बोर्ड दिसेना.

“नुसती वीज जातेय, बोलणं जात नाही,” काका पुटपुटले.

या वायरीत दोनच तारा असणार. ड्रॉवर उपसून त्यांनी जुन्या कॅमेऱ्याची वायर काढली. या खेपेला लॅपटॉपवरच्या यादीत बोर्डाच्या जोडणीचं, म्हणजे पोर्टचं, नाव आलं. त्यांनी पोर्ट उघडला, तर पडद्यावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. काकांना हसू आलं. हे त्यांच्या ओळखीचं होतं. दोन्ही टोकांचा अक्षरं पाठवायचा वेग जुळला नाही की असा कचरा येतो. ते एकेक वेग बदलत गेले. एक लाख पंधरा हजार दोनशेवर बोर्ड पुन्हा सुरू झाला आणि सरळ बोलू लागला. अक्षरं रोमन, शब्द मराठी. लेकीची जुनी सवय.

एक, आत्ताची स्थिती. दोन, नोंदी. तीन, नोंदी पुसा.

आवाज टिपायचा उल्लेख कुठेच नव्हता. पण काका इतक्यावर समाधान मानणारे नव्हते. त्यांनी दोन दाबून एंटर केलं.

ओळी भराभर खाली आल्या. शेगडी पेटली. माणूस नाही. वीस मिनिटं. घरी फोन कर. प्रत्येक ओळीला तारीख, वार आणि वेळ.

काकांनी डायरी आणून शेजारी उघडली. सातपैकी सहा तारखा जुळल्या; उरलेली एक खोकं बसण्याआधीची होती. म्हणजे बायकोच्या वेंधळेपणाचा पुरावाच हाती आला! त्यांनी पेन्सिल घेतली आणि पहिल्या नोंदीपुढे खूण करणार, तोच त्यांचं लक्ष वेळेकडे गेलं.

शेगडी पेटली, चार वाजून बावन्न मिनिटं.

ती तर चारला जाते.

पुढची नोंद पाच वाजून दहा मिनिटांची. त्यापुढची चार चाळीस. बोर्डाचं घड्याळ पुढे धावत असेल म्हणून त्यांनी एक दाबून आत्ताची वेळ मागवली, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिली. मिनिटाचाही फरक नव्हता. त्यांनी सगळ्या नोंदी पुन्हा मागवल्या. जणू दुसऱ्यांदा विचारल्यावर बोर्ड वेगळं उत्तर देणार होता. त्या वेळी घरात दुसरं कोण असायचं?

त्यांचं बोट तीनच्या आकड्यावर गेलं. तिथेच थांबलं.

दार धाडकन उघडलं. बायको धापा टाकत आली, चपला न काढता थेट स्वयंपाकघरात गेली. शेगडी बंद होती. ती ओट्याला टेकून क्षणभर उभी राहिली. मग बाहेर येऊन टेबलावरचा पसारा पाहिला.

“पोरीचा फोन आला. म्हणाली, खोकं बंद पडलंय, आई, पळ.”

“तुला ठाऊक होतं?”

ती खुर्ची ओढून बसली. “पावसाळ्यापूर्वीपासून. वर्ग लवकर सुटला होता. आले तर तुम्ही चहाला ठेवलेलं पातेलं लालभडक, आणि तुम्ही शेजारच्या खोलीत पेपर वाचताय.”

“मग मी तुला एवढं बोलत होतो ते?”

“बोला की. मला सवय आहे.”

“सात वेळा लिहून ठेवलंय मी तुझ्या नावावर.”

“माहितीय. मी वाचते ना डायरी.” तिनं पदरानं कपाळ टिपलं. “मला ओरडून तुम्ही जेवायला तरी बसत होता. पहिल्या वेळी खरं सांगायला गेले, तर दोन दिवस अन्नाला शिवला नाहीत. तेही विसरलात.”

काकांनी आठवायचा प्रयत्न केला. काहीच आठवलं नाही. ती थाप मारत नाही ना, म्हणून ते तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघत राहिले. आयुष्यभराची खोड. मग त्यांनी वायर काढली, बोर्ड खोक्यात ठेवला. ती स्टूल धरून उभी राहिली आणि त्यांनी चारही स्क्रू घट्ट पिळले.

शुक्रवारी ती वर्गाला निघाली, तेव्हा काका ओट्याखाली वाकून काहीतरी करत होते. उठले, तेव्हा त्यांच्या हातात सिलिंडरचा रेग्युलेटर होता.

“हा घेऊन जा.”

“अहो, एवढं कशाला? खोकं आहे ना.”

“टाक म्हणतो ना पिशवीत.”

तिनं टेप आणि कात्री बाजूला सारून रेग्युलेटर पिशवीत ठेवला. काका दारात उभे राहिले. जिना उतरताना पिशवी तिला एका बाजूला ओढत होती. वळणावर थांबून तिनं खांदा बदलला आणि ती खाली उतरली.