टरफलासकट

गिरिजाची पीएचडीची सगळी वर्षं एका टरफलात गेली होती. आल्याच्या तेलानं आतड्याची सूज उतरते, असं प्रयोगशाळेतल्या उंदरांचं मत पडलं होतं. अडचण एवढीच, की तेल पोटातच सांडायचं, मोठ्या आतड्यापर्यंत पोचायचंच नाही. म्हणून हे कॅप्सूलचं टरफल. पोटातल्या आम्लाला दाद न देता थेट मुक्कामी जाऊन उघडणारं. आता त्या कॅप्सूल माणसांवर तपासत होते, आणि त्या माणसांत अमेरिकेत तिच्या जवळच, पार्सिपनी गावात राहणारा तिचा अनिलकाकाही होता.

काकाला काडीचा फरक नव्हता. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, लवकर गुण आला नाही तर ऑपरेशन. मोठं आतडंच काढायचं.

रविवारी ती जेवायला गेली, तर नीलाकाकू ओट्याशी उभी राहून कात्रीनं कॅप्सूल कापत होती. तेल मऊ भातावर, टरफल कचऱ्यात.

"काकू! काय करतेयस?"

"अगं, ही कव्हरं हाडांपासून करतात. इतकी वर्षं अमेरिकेत राहून ह्यांना अंडं शिवू दिलं नाही मी."

"ते समुद्रातल्या शेवाळाचं आहे! मी बनवलंय."

"मग तसं लिहायचं ना वर."

माहितीपत्रकात सगळं होतं, नेमकं हेच नव्हतं. गिरिजा काकाकडे वळली. "आणि तू? जीभ भाजली नाही?"

"भाजली की. पण ही एवढी खपून करते, नावं कुठे ठेवायची?"

काकूनं कात्री खाली ठेवली. "म्हणजे माझ्यापायी ह्यांचं आतडं..."

गिरिजानं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, औषध पोचलंच नाही तर त्याला नापास कसं करणार? परवानगी काढतो, नव्यानं सुरू करू. ऑपरेशन तूर्त थांबवू.

परवानगी आली त्या दिवशी काकानं अख्खी कॅप्सूल तळहातावर घेतली. काकू रिकाम्या हातांनी बाजूला उभी.

"आता मी काय करायचं?"

"पाणी दे. आणि बस इथं. एवढी मोठी गिळायची भीती वाटते मला."

तिनं पाणी कोमट करून आणलं. तो गिळेपर्यंत त्याच्या गळ्याकडे बघत राहिली.

"गेली?"

"निघालीय," काका म्हणाला. "पोचायला वेळ लागेल. तू बस."