दुधनीच्या पाण्यातलं बेट

दुर्गा सिल्वासात आली त्याला अकरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिनं पाहिलं काय, तर खोली, भाजीबाजार आणि धाग्याचे कोन खोक्यात भरायची ती यार्न कंपनी. मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर बदलायला कंपनी दोन दिवस बंद राहिली, आणि नेमकी तेव्हाच तिची सासू केसरबाई साक्रीहून आलेली होती.

"तुझ्या गावात पाहण्यासारखं काय शे?" सासूनं विचारलं. दुर्गानं शेजारणीला विचारून सासूला जीपमध्ये बसवलं आणि दुधनीला नेलं.

डोंगरांच्या मधे धरणाचं पाणी लांबवर पसरलं होतं. केसरबाई काठावर उभीच राहिली. तिच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो.

"कितलं पानी शे," ती हळूच म्हणाली.

नाववाला बारकू पन्नाशीचा, तिथलाच माणूस. त्यानं दोघींना नावेत घेतलं. दुर्गाला पाण्याची भीती. तिनं फळी घट्ट धरली आणि नजर स्वतःच्या पायांवर ठेवली. सासू मात्र चहूकडे पाहत होती. मधोमध एक झाडीनं भरलेली टेकडी पाण्याबाहेर आली होती.

"तिथं काय हो, दादा?"

"बेट आहे, आजी. धरणाआधी डोंगरच होता. लहानपणी आम्ही तिथं बकऱ्या चारायचो. आता कोणी उतरत नाही, लोक फोटो काढून परत फिरतात."

"मग आपण उतरू."

"आत्याबाई, नको," दुर्गा म्हणाली. पण नाव वळली होती.

पाणी ओसरल्यामुळे बेटाभोवती लाल मातीचा उघडा पट्टा पडला होता. त्यावरून चढून झाडीत शिरल्या तर करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर लगडलेल्या. खायला कोणी नाही, म्हणून करवंदं पिकून खाली सांडलेली. केसरबाईनं पदराचा ओटा केला. पुढं एक रायवळ आंबा होता. त्याच्याखाली आंबेच आंबे पडले होते, लिंबाएवढे नि गोड. सासूसुना खाली बसून चोखत राहिल्या. रस कोपरापर्यंत आला. वर डहाळीवर एक धनेश पक्षी बसून फळं तोडत होता. त्याची ती मोठी चोच पाहून केसरबाई तोंडाला पदर लावून हसली.

"हा आपल्याहून हावरा."

इतक्यात खालून बारकूची हाक आली. दोर सुटून नाव वाऱ्यावर निघाली होती. त्यानं सदरा काढला आणि पाण्यात उडी मारली. "इथंच थांबा, घेऊन येतो," तो ओरडला. नाव पार समोरच्या काठाकडे चालली होती.

दुर्गा उठून उभी राहिली. "आता हो?"

"आता काय. तो येतो म्हणाला ना," सासू म्हणाली आणि पाय पसरून खोडाला टेकली. "मी जरा पडते. तू पाहून ये, मागल्या अंगाला काय शे."

दुर्गा एकटीच निघाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुठं वेळेवर पोहोचायचं नव्हतं. मागच्या बाजूला एक सपाट कातळ पाण्यात उतरत गेला होता. पलीकडच्या खडकावर पाणकावळे पंख उघडून ऊन खात होते. कातळावरचं पाणी इतकं नितळ की तळाचे खडे दिसत होते, आणि त्यावरून बारीक मासोळ्यांचा अख्खा थवा एकदम वळत होता. तिनं बराच वेळ पाहिलं. मग चपला काढल्या आणि घोट्यापर्यंत उतरली. मासोळ्या पांगल्या, पुन्हा आल्या, पायांना टोचू लागल्या. गुदगुल्या होऊन ती मोठ्यानं हसली. एक पाऊल आणखी, मग आणखी एक. गुडघ्यांवर लुगडं भिजलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण कशालाच धरलेलं नाही.

बारकू तासाभरानं नाव वल्हवत आला. ओशाळून म्हणाला, "ताई, घाबरलात ना?"

"घाबरले होते. तुम्ही लवकर आलात, दादा."

परतीला ती नावेच्या टोकाशी बसली, हात पाण्यात सोडून. सासू करवंदं पुढं करत होती आणि बारकू पाण्याखाली गेलेली शेतं, विहीर, देवाचं झाड कुठं होतं ते बोटानं दाखवत होता.

पुढच्या सुट्टीला कंपनीत तिच्याबरोबर पॅकिंगला असलेल्या चंदा आणि उषा तिच्यासोबत दुधनीला निघाल्या. दोघी काठावर कचरत होत्या. दुर्गा आधी नावेत चढली आणि तिनं दोघींना हात दिला.