नळीतली कोर

रत्नपालची दुर्बीण पुरी झाली त्या संध्याकाळी त्याच्या अंगणात पाच-सहा माणसं जमली होती. अष्टमीचा चांद डोक्यावर होता. बिदरच्या बाहेर, कोळारच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्याचं भाड्याचं घर होतं. तिथल्याच एका औषधाच्या कारखान्यात तो मशिनं दुरुस्त करायचा. दुर्बिणीचा सहा इंची आरसा त्याने पोस्टाने मागवला होता. बाकी सगळं हाताने केलेलं. नळी पाण्याच्या मोठ्या पाइपची. डोळ्याचं भिंग बसवायला बेसिनखाली असतो तसला चकचकीत पाइपचा तुकडा. आतून काळा ऑइलपेंट.

एकेकजण येत होता, बघत होता, बाजूला होत होता. चांद भिंगातून हळूहळू सरकायचा आणि दोनेक मिनिटांत बाहेर जायचा. मग रत्नपाल नळी पुन्हा नीट लावून द्यायचा. शेजारचा नागेंद्र म्हणाला, "मस्त दिसायलाय, अण्णा. खड्डे बी दिसायलेत." रत्नपालची बायको शिवकन्या दोनदा बघून गेली.

शेवटी त्याची माय, चांगुणाबाई, स्टुलावर बसली. महिन्यापूर्वीच तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तिला ते नको होतं. रत्नपालने हट्टाने गावाहून, मुडबीहून, तिला आणून करवलं होतं, आणि डाव्या डोळ्याचंही करायचं ठरवलं होतं. म्हणून तिने बघावं, आणि बघून काहीतरी बोलावं, याची तो दिवसभर वाट बघत होता.

तिने उजवा डोळा लावला तो काढलाच नाही. दोन मिनिटं झाली, तीन झाली.

"माय, चांद गेला असंल आता. लावून देऊ का?"

"चांद गेला," चांगुणाबाई म्हणाली. "पर त्येची कोर हितंच ऱ्हायलीय."

"कसली कोर?"

"पांढरी. वाकडी. कडंला. आन् सगळीकडं धूर धरल्यासारखं दिसायलंय."

रत्नपालने घाईने स्वतः डोळा लावला, नळी हलवून चांद मधोमध आणला. चांद स्वच्छ होता. कोर नव्हती. त्याने नळी सोडली आणि मायकडे बघितलं. तिच्या डोळ्याला पाणी आलं होतं. थंडीने आलं असेल, पण त्या वेळी त्याला तसं वाटलं नाही.

त्या रात्री तो शिवकन्येला दोनदा म्हणाला, "डोळा बिघडला का काय?"

"उद्या दवाखान्यात दाखवा की," ती म्हणाली.

दवाखान्यात सौम्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत औषध घालून, अर्धा तास बसवून, उजेड टाकून तपासलं. भिंतीवरच्या अक्षरांची सगळ्यात खालची एक ओळ सोडून चांगुणाबाईने सगळ्या वाचल्या. कन्नडही वाचल्या. "डोळा एकदम चांगला आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मला यात काही दोष दिसत नाही."

"पण तिला कोर दिसायलीय, मॅडम."

"घरात दिसते का? रस्त्यावर?"

"न्हाई," चांगुणाबाईने मधेच सांगितलं. "त्येच्या नळीतच दिसायली."

डॉक्टर हसल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. रत्नपालला ते हसणं आवडलं नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, हैदराबादला मोठ्या दवाखान्यात दाखवू. चांगुणाबाई पुढे चालू लागली.

मग घरात बंधनं सुरू झाली. तिने गॅस पेटवायचा नाही. गच्चीची पायरी चढायची नाही. विहारात जायचं तर शिवकन्येला घेऊन. कोपऱ्यावरच्या दुकानातून ती एकटी साखर घेऊन आली, तर रत्नपाल कामावरून आल्या आल्या तिच्यावर रागावला. "रस्त्यावर टँकर किती पळतेत ठावं हाय का? कामून गेलीस एकली?"

चांगुणाबाईने आयुष्याची वीस वर्षं डाळमिलमध्ये तुरीची डाळ निवडण्यात घालवली होती. तिने साखरेची पिशवी त्याच्यासमोर ठेवली. "आंधळ्या माणसाला दुकानदारानं सुट्टे बराबर दिलेत. मोज."

दुसऱ्या दिवशी रत्नपाल कामावरून आला तर माय घरात नव्हती. तिची पिशवी नव्हती, औषधाच्या थेंबांची बाटली नव्हती.

"दुपारच्या बसनं मुडबीला गेल्या," शिवकन्या म्हणाली. "मी अडवून बघितलं. पोचल्या म्हणून त्यांच्या शेजारणीचा, जगदेवीअक्काचा, फोन येऊन गेला."

"तू जाऊ कशी दिलीस?"

"त्यास्नी दिसतंय म्हणून जाऊ दिलं."

रत्नपालने फोन लावला. मायने उचलला नाही. तो घरात येरझारा घालू लागला, बाहेर गेला, गेट उघडून बंद केलं, परत आत आला. जेवायला बसला आणि अर्ध्यातच उठला.

शिवकन्या ताट उचलत म्हणाली, "एक इचारू? आत्याबाई म्हणत होत्या, चांद गेल्यावर कोर ऱ्हाती. तुम्ही चांद गेल्यावर कधी बघितलाव का?"

"चांद गेल्यावर काय बघायचं?"

"तेच इचारायले मी."

दहा मिनिटांनी त्याने दुर्बीण अंगणात काढली. द्वादशीचा चांद पूर्वेला चांगला वर आलेला होता. त्याने तो मधोमध घेतला आणि हात काढून घेतला. चांद सरकू लागला. कडेला गेला, अर्धा कापला गेला, बाहेर पडला. रत्नपालने डोळा तसाच ठेवला.

आणि कोर आली. पांढरी, वाकडी, भिंगाच्या उजव्या कडेला, विळ्याच्या पात्यासारखी. त्याच्या मागे काळोख असायला हवा होता, तिथे राखेच्या पाण्यासारखं फिकट काहीतरी पसरलेलं होतं. गल्लीच्या खांबावरच्या दिव्याकडे त्याने तळहात आडवा धरला. ते फिकटपण थोडं कमी झालं. हात काढला, पुन्हा आलं.

तो स्टुलावर बसून राहिला. आपण सगळे चांद गेला की डोळा काढत होतो. मायने काढला नव्हता.

सकाळी कामावर जाण्याआधी त्याने भिंग काढलं आणि नळी उघड्या आभाळाकडे करून त्या भोकातून आत बघितलं. ज्याला तो काळा समजत होता तो रंग पाण्यातून निघालेल्या म्हशीच्या पाठीसारखा चमकत होता. बेसिनचा पाइप तर आतून आरसाच होता. चांद नजरेबाहेर गेला तरी त्याचा उजेड त्या पाइपावर आपटून डोळ्यात येत होता.

त्याला त्याच क्षणी फोन करता आला असता. त्याने केला नाही. आधी दुरुस्त करू, मग सांगू, असं त्याने ठरवलं. आणि एकदा ठरवल्यावर त्याचं कशातच मन लागेना. कारखान्यात पंपाचं झाकण उलटं बसवलं. मुकादमाने विचारलं, "तब्येत बरी हाय न्हवं?"

संध्याकाळी घाईघाईत त्याने आरसा न काढताच नळीत रंगाचा दुसरा हात मारला. तोच ऑइलपेंट. वाळल्यावर नळी पहिल्यापेक्षा जास्त चमकली, शिवाय आरशावर रंगाचे दोन थेंब पडले होते. ते त्याने कापसाने पुसून काढले.

रविवारी मात्र त्याने सगळं सुटं केलं. आरसा काढून कापडात गुंडाळून कपाटात ठेवला. नळी पॉलिश पेपरने आतून खरखरीत केली. शाळेच्या फळ्याला मारतात तो बिनचमकीचा काळा रंग आणला. सुताराकडून लाकडाचा बारीक भुसा आणला, ओल्या रंगावर टाकला, वाळल्यावर झटकला आणि वरून पुन्हा रंग दिला. बेसिनच्या पाइपातही तेच केलं. नळीच्या आत, भिंगाच्या बरोबर समोरच्या बाजूला, शिवकन्येने काळ्या मखमलीचा तुकडा चिकटवला; ब्लाऊजचं उरलेलं कापड होतं. नळीच्या तोंडाला त्याने काळ्या पुठ्ठ्याचं हातभर लांब तोंड जोडलं, म्हणजे खांबावरचा दिवा सरळ आत शिरणार नाही.

रंग वाळून सगळं पुन्हा जोडेपर्यंत संध्याकाळचा चांदच नव्हता. पौर्णिमा होऊन गेली होती, चांद उशिरा उगवू लागला होता, नंतर अमावस्या. रत्नपाल रोज संध्याकाळी पश्चिमेकडे बघायचा. फोन लावायचा. कधी जगदेवी उचलायची, कधी कोणीच नाही. "बऱ्या हायत," जगदेवी म्हणायची. "डाळ निवडायल्यात. बोलत न्हाईत तुमच्यासंगं."

"तुम्ही जाऊन नुसतं सांगून या की," शिवकन्या दोनदा म्हणाली.

"दुर्बीण नीट झाल्याबिगर काय सांगू?"

"त्यास्नी दुर्बीण नको हाय."

चतुर्थीला त्याने बघितलं. चांद मधोमध घेतला, हात सोडला, चांद बाहेर जाईपर्यंत थांबला. मागे काळोख राहिला. नुसता काळोख, आणि त्यात एक बारीक तारा, जो त्याला याआधी कधी दिसला नव्हता. त्याने पाच वेळा तसं करून बघितलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुर्बीण चादरीत गुंडाळून, दोन बस बदलून तो दुपारी चारला मुडबीत उतरला. माय जगदेवीच्या ओट्यावर सूप घेऊन बसली होती. तिने त्याला येताना बघितलं होतं, पण सूप थांबवलं नाही.

रत्नपालने दुर्बीण भिंतीला टेकवली आणि खाली बसला. "माय, कोर होती."

"मला ठावं हाय."

"नळीचं चुकलं. आतून चमकत होती."

चांगुणाबाईने एक खडा उचलून बाजूला टाकला. "नळीचं चुकलं का तुजं?"

त्यानेही सुपातला एक खडा वेचला. "माजं," तो म्हणाला.

"डाक्टरीणबाईनं सांगटलं तवा बी तुला खरं वाटलं न्हाई. मी सांगटलं तवा न्हाईच. गॅस बंद, पायरी बंद. मी काय पोर हाय का?"

"मी भ्यालो, माय. आपरेशन मीच करवलं. बिघडलं असतं तर…"

"मग भ्यालो म्हणायचं. माज्या अंगावर कामून घातलास?"

जगदेवी आतून चहा घेऊन आली, दोघांकडे बघितलं आणि कप ठेवून परत आत गेली.

सूर्य बुडाल्यावर चांगुणाबाई स्वतःच म्हणाली, "आणलाईस तर लाव." पंचमीचा चांद शिवारावर होता. रत्नपालने नळी लावली. ती स्टुलावर बसली आणि तिने डोळा लावला. रत्नपाल शेजारी उभा राहिला, या पायावरून त्या पायावर होत.

"चांद गेला," ती म्हणाली.

"आन् मागं?"

"काय न्हाई. काळंभोर."

त्याने श्वास सोडला. ती मात्र डोळा न काढता बोलत राहिली. "डाव्या डोळ्याचं आपरेशन उन्हाळ्याच्या आत करून घेईन. तारीख घेऊन ठिव. पर ऱ्हायला न्हाई यायची मी बिदरला. आपरेशनला माजी मी बसनं येईन."

"एकली कशी…" तो म्हणाला आणि थांबला.

"काय म्हणलास?"

"काय न्हाई. तारीख घेतो."

पुढे बिदरची गाडी मिळेल अशी शेवटची बस पावणेआठला होती. सात वीस झाले होते आणि दुर्बीण बांधायला दहा मिनिटं तरी लागणार होती. चांगुणाबाईने जगदेवीला हाक मारून बोलावलं, तिला स्टुलावर बसवलं आणि नळीला हात न लावता कसं बघायचं ते सांगू लागली. रत्नपालने फोनमध्ये वेळ बघितली, तोंड उघडलं आणि फोन खिशात ठेवला.

"चांद बाहिर गेला तरी लगेच डोळा काढू नगंस," चांगुणाबाई जगदेवीला म्हणाली. "थांब तितंच. बघ."

रस्त्यावरून बसचा हॉर्न ऐकू आला. रत्नपाल ओट्यावर बसला आणि शिवकन्येला फोन लावून म्हणाला, आज यायचं जमत न्हाई, सकाळच्या गाडीनं येतो.