ओळीनंतरचा थांबा

हेडमास्तरांनी मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "चार सेकंद. गेल्या रविवारी मी स्वतः मोजलेत."

"गाताना मोजत होतात?" पाळकांनी विचारलं.

"मोजत मोजत गात होतो."

उपासनागृहामागच्या खोलीत दोन तासांपासून घोडं एकाच जागी अडलं होतं. या ख्रिस्ती मंडळीत गीताची प्रत्येक ओळ संपली की पायपेटी थांबायची, सगळे थांबायचे, आणि मग पुढची ओळ उचलली जायची. हेडमास्तर आणि जुनी माणसं म्हणायची, हा थांबा म्हणजे देवासमोरचं मौन, त्याला हात लावायचा नाही. तरुण गायक म्हणायचे, या थांब्यानं गीताचा जीव जातो. त्यांनी तर सांगूनच टाकलं होतं की थांबा जात नसेल तर पुढच्या महिन्यापासून आम्ही शाळेच्या हॉलमध्ये वेगळी उपासना करू.

सांगणारी होती पेटीबाईंची सून. दवाखान्यात नर्स आणि रविवारी गायकांची पुढारी. आणि पेटीबाई म्हणजे एक्केचाळीस वर्षं ती पायपेटी वाजवणाऱ्या तिच्या सासूबाई. घरात दोघी एकाच ओट्याशी उभ्या राहून भाजी चिरायच्या, पण रविवारचा विषय निघाला की दोघींच्या तोंडात मिठाची गुळणी. मुलगा, सून, नात हॉलमध्ये गाताहेत आणि आपण इथे एकट्याच पाय मारतोय, हे चित्र पेटीबाईंच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. आठवडाभर त्यांना धड जेवण गेलं नव्हतं.

"चारचे तीन करू," हेडमास्तर म्हणाले. "तीनच्या खाली मी येणार नाही."

"एक," सून म्हणाली.

"दोनवर मिटवा की," पाळक काकुळतीला आले.

"मौनात घासाघीस चालत नाही, पाळकसाहेब!" हेडमास्तर कडाडले. घासाघीस आपणच सुरू केली हे ते साफ विसरले होते.

पेटीबाईंनी मांडीवरच्या पिशवीचे बंद एकदा बांधले, सोडले, पुन्हा बांधले.

"भाता फाटला होता," त्या म्हणाल्या.

कोणाला काही कळेना.

"पेटीचा भाता. मी नवीन लग्न होऊन आले आणि वाजवायला बसले, तेव्हा त्याला चीर होती. ओळ संपेपर्यंत सगळी हवा निघून जायची. पुढच्या ओळीसाठी जोरजोरात पाय मारून ती पुन्हा भरावी लागायची. म्हणून थांबायचे. बाकी काही नाही."

"पण तेव्हाच्या पाळकांनी त्या मौनावर उपदेश केला होता," हेडमास्तर म्हणाले. "माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

"माझ्याही आलं होतं. आता खरं कारण कुठल्या तोंडानं सांगू म्हणून."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. हेडमास्तर हसले नाहीत.

"भाता बदलला कधी?"

"दहाएक वर्षांनी."

"म्हणजे तीस वर्षं भाता धड होता. मग तीस वर्षं का थांबलात, बाई?"

पेटीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही सगळे थांबायचात म्हणून."

हेडमास्तरांचा चेहरा पडला. घड्याळ उचलून त्यांनी खिशात टाकलं. "उद्या सरळ वाजवा," एवढंच बोलून ते निघून गेले. सोक्षमोक्ष लागला होता, पण सभा संपली तेव्हा जिंकल्यासारखं तोंड कोणाचंच नव्हतं.

घरी जाताना कोपऱ्यावर आल्यावर सून म्हणाली, "आई, चारचौघांत हे सांगायची काय गरज होती? लोक आता काहीबाही बोलतील."

"बोलू देत. तुम्ही हॉलमध्ये गेला असतात. मला ते सोसलं नसतं गं."

सुनेनं त्यांच्या हातातली पिशवी तेवढी काढून घेतली.

रविवारी पेटीबाईंनी ठरल्याप्रमाणे पहिलं कडवं न थांबता वाजवलं. तरुण गायक भरधाव निघाले. मागच्या बाकांवरची जुनी माणसं प्रत्येक ओळीला ठेचकाळत, अर्धे शब्द गिळत धावत राहिली. पहिल्या बाकावर हेडमास्तर दुसऱ्या ओळीलाच मागे पडले. तिसऱ्या ओळीला त्यांनी पुस्तक मिटलं, छातीवर हात ठेवला आणि नुसते उभे राहिले. पेटीबाईंना ते दिसलं. पण शब्द दिला होता, पाय थांबवून चालणार नव्हतं.

गायकांसमोर उभी असलेली सूनही तिकडेच पाहत होती.

दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ संपली आणि तिनं हात वर केला. गायक गोंधळले, थांबले. पेटीबाईंची बोटं पट्ट्यांवरच राहिली. भाता भरलेला होता, पायांना काही काम नव्हतं. उपासनागृहात कुठे कोणी नाक ओढलं, कुठे बाक करकरला. सून गायकांकडे बघत नव्हती. हेडमास्तरांचे खांदे वर गेले, हळूहळू खाली आले, तोवर ती थांबली. त्यांनी पुस्तक उघडलं.

चार सेकंद झाले की दोन, हे त्या दिवशी कोणी मोजलं नाही. एक्केचाळीस वर्षांत पेटीबाईंना पुढची ओळ कधी उचलायची हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मान वळवली आणि सुनेचा हात खाली येण्याची वाट पाहिली.