दोघांच्या मधली दोरी

मी एक दोरी बोलतेय. दुकानात रंगीत पट्टे लटकतात ना, त्यांतली मी नव्हे. मी रामचंद्र नाखव्याच्या होडीवर नांगराला होते. होडी विकली तेव्हा त्याने माझा एक तुकडा कापून घेतला आणि खंड्या कुत्र्याच्या गळपट्ट्याला बांधला. होडी गेली तरी वस्तीत त्याला नाखवाच म्हणतात. म्हणतात म्हणजे काय, म्हणायचे. हल्ली त्याला कुणी हाक मारत नाही.

खंड्याला आणलं नीराबाईने, नाखव्याच्या बायकोने. ती गेली आणि घरात बोलायला एवढा खंड्याच उरला. जेवताना नाखवा त्यालाच सांगतो, "आज मीठ जास्त झालंय रं." मुलगा धनेश पनवेलला असतो. त्याचा फोन येतो, पण कामापुरता.

खंड्या घरात अगदी गरीब. पण फिरायला निघाला आणि समोरून दुसरं कुत्रं आलं की त्याच्या अंगात यायचं. शिमग्यानंतर त्याने किशोरीच्या भुऱ्या कुत्र्याचा कान फाडला. किशोरी सुकी मासळी विकते. तोंडाची फटकळ, पण मनात काही ठेवत नाही.

"नाखवा, आता परत झालं तर याला लांब पाली गावाच्या बाजूला नेऊन सोडायचा," ती म्हणाली. "माझं एकटीचं न्हाय, सगल्यांचं म्हननं हाय."

नाखव्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. त्या रात्री तो जेवला नाही.

तेव्हापासून आम्ही भर उन्हात फिरायचो, पाण्याच्या कडेकडेने. कुत्री सावलीत, माणसं घरात. भांडण टळलं हे खरं, पण नाखवा दिवसभर कुणाशी अक्षर बोलत नसे. मला फार वाईट वाटायचं.

आणि खरी गोष्ट मला एकटीलाच ठाऊक. एका टोकाला हात, दुसऱ्या टोकाला गळा. लांबवर कुत्र्याचं शेपूट दिसलं रे दिसलं की नाखवा मला मुठीवर गरागरा गुंडाळायचा. दर्यावरची सवय ती, नांगर सरकला की दोरी आवळायची. खंड्याने अजून काही पाहिलेलंही नसायचं. गळा आवळला की त्याला वाटायचं, धन्यावर काहीतरी आलंय. मग काय, भुंकणं, उड्या, दात. अरे बाबा, घाबरतोयस तू आणि बदनाम होतोय तो, हे मी सांगू कसं?

मग एकदा मासे कापताना विळीने त्याचा उजवा तळवा कापला. टाके पडले. दवाखान्यातून यायला उशीर झाला, खंड्या दारात रडत होता, म्हणून संध्याकाळीच निघावं लागलं. वळणावर नेमकी किशोरी, आणि सोबत भुऱ्या.

नाखव्याचा उजवा हात माझ्याकडे झेपावला, पण मूठ मिटेना. डाव्या हातात मी नुसती लोंबत राहिले. "खंड्या, नको रं," तो हळूच म्हणाला. खंड्या गुरगुरला. मग वळून त्याने नाखव्याकडे पाहिलं. गळ्याला काही काचत नव्हतं. त्याने वाळू हुंगली आणि भुऱ्याला वळसा घालून पुढे निघाला.

किशोरी थांबली. "हाताला काय झालं, नाखवा? जेवन कोन करतं मग?"

कुणी असं विचारण्याची त्याला सवयच उरली नव्हती. डोळे भरून आले. "मीच," एवढंच तो म्हणाला.

"भाकरी पाठवते," म्हणून ती गेली.

आता हात बरा झालाय, तरी तो मला सैलच धरतो. आम्ही संध्याकाळी जातो. खंड्या अजून गुरगुरतो कधीकधी, पण पालीचं नाव कुणी काढत नाही. तुमच्या हातात माझी कुणी बहीण असेल तर कुत्र्याला रागावण्याआधी स्वतःची मूठ तपासा, एवढंच मागणं आहे.

माझं म्हणाल तर सैल दोरीला काही कळत नाही. नाखव्याची धडधड येत नाही, खंड्याचा श्वास येत नाही. आवळलेली होते तेव्हा दोघंही माझे होते. आता फार एकटं वाटतं. पण मला असंच राहू द्या.