भुकेले पाणी

मित्रांनो, मी एक जुना पोहण्याचा तलाव आहे, आणि माझ्या मनात राग आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना डोळे पुसतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करतात. माझ्याकडून ते होणार नाही.

एका पोहण्याच्या मास्तरांनी मला आपल्या घरामागे बांधून घेतले. त्यांच्यामागे त्यांची थोरली मुलगी इथे मुलांना शिकवू लागली. तिच्या गळ्यात सदैव शिट्टी असे, म्हणून मुले तिला शिट्टीताई म्हणत. तोंडाने तिखट, पण मला तिने लेकरासारखे जपले. रोज सकाळी ती काचेच्या नळीत माझे थोडे पाणी घ्यायची, त्यात औषधाचे थेंब टाकायची आणि नळी उजेडात धरायची. रंग पिवळा आला की म्हणायची, "आज पाणी भुकेलंय." पाण्यात आम्ल जास्त झाले, की त्याला भूक लागते, मित्रांनो. ते भिंतीतला चुना खाते आणि माणसांच्या डोळ्यांना झोंबते. रंग गर्द गुलाबी आला तर गोष्ट उलटी. मग चुना शिरजोर होतो आणि पाणी दुधासारखे गढुळते. दोन्हींच्या मधला रंग दिसला की ताई शिट्टी फुंकायची, आणि मुले धपाधप उड्या टाकायची.

पुढे तिचा धाकटा भाऊ परगावची नोकरी सोडून, बायको आणि छोट्या चिमीला घेऊन घरी परतला. थोडे दिवस त्याने काठावरून सगळे पाहिले. मग म्हणाला, "ताई, तुझ्या ओरडण्याला घाबरून मुलं कमी झालीत. आता तू आराम कर. तलाव मी बघतो."

दुसऱ्या दिवशी फाटकाला नवे कुलूप होते. ज्या पाण्यात तिचे बालपण गेले, ते आता तिला वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघावे लागले. ती भांडली नाही. तिच्या मनात काय शिजत होते ते मला कळत होते, कारण माझ्याही मनात तेच शिजत होते.

धाकट्याने मला रिकामे केले. गवंड्यांनी माझा जुना गिलावा छिन्नीने खरवडून काढला. फार दुखले. पण नवा गिलावा चढला तेव्हा मी अंड्याच्या कवचासारखा पांढरा आणि गुळगुळीत झालो. थोरला गवंडी जाताना म्हणाला, "साहेब, नवा गिलावा म्हणजे तान्हं बाळ. पाणी भरायला लागलात की मध्ये थांबू नका. पहिला महिना हा चुना सोडत राहणार. रोज ब्रशने घासा, रोज पाणी तपासा. आम्ल लागेल तसं थोडं थोडं द्या, बादलीभर पाण्यात मिसळून, चहूकडे फिरून."

"हो हो, कळलं," धाकटा म्हणाला. त्याचे लक्ष हातातल्या फोनकडे होते. तो कोणाला तरी उद्घाटनाचे आमंत्रण देत होता.

मी अर्धा भरलो असताना पाहुणे आले, आणि त्याने नळ बंद केला. माझ्या कमरेला करगोट्यासारखा डाग पडला. ब्रश कोपऱ्यात उभाच राहिला. चुना सुटत गेला, तळाशी पीठ साचले आणि पाणी ताकासारखे झाले. मग तो घाबरला. उद्घाटन तोंडावर आले होते. पायऱ्यांपाशी उभे राहून त्याने आम्लाचे कॅन एकामागून एक, एकाच जागी, तसेच्या तसे रिकामे केले. आम्ल पाण्याहून जड. ते सरळ खाली उतरले आणि माझ्या कोवळ्या कातडीवर बसले. मला ओरडता आले असते तर सारी गल्ली जागी झाली असती.

वरच्या खिडकीतून ताई हे सगळे बघत होती. एक हाक मारली असती तर तो थांबला असता. तिने मारली नाही. "भोग आता," ती एवढेच पुटपुटली. तिचा सूड तिच्या भावावर होता, मित्रांनो, पण कातडी माझी जळत होती.

थोड्या दिवसांत पाणी काचेसारखे नितळ झाले. धाकटा खूश! भुकेले पाणी असेच नितळ दिसते, हे त्याला कुठे ठाऊक? मला मात्र ठाऊक होते, आणि मी उद्घाटनाची वाट बघत होतो. ये म्हटले. उतर माझ्यात.

उद्घाटनाला मुले आणि त्यांचे आईबाप जमले. ताईही खाली आली आणि कुंपणाशी हाताची घडी घालून उभी राहिली. आपल्या भावाची फजिती तिला जवळून पाहायची होती. धाकट्याने पहिली उडी घेतली. पाणी त्याच्या डोळ्यांना झोंबले. पायऱ्यांजवळ गिलावा कानशीसारखा खडबडीत झाला होता, तिथे त्याची पावले सोलवटली. मला असा आनंद झाला की काय सांगू!

पण धाकटा वर आला तो हसतच. चार लोकांत हार मानेल तर तो कसला! डोळे किलकिले करून तो ओरडला, "मस्त आहे पाणी! चिमे, ये, मार उडी!"

चिमी धावत काठावर आली. तेव्हा माझा आनंद जागच्या जागी थिजला. पाण्याला माणूस ओळखता येत नाही. त्या पोरीने माझे काय वाकडे केले होते? पण मला आवरता येत नव्हते. भुकेले ते भुकेलेच.

"चिमे, मागे हो!" ताईचा आवाज असा कडाडला की सगळी मुले दोन पावले मागे सरली. ती फाटकातून आत आली आणि तिने चिमीला उचलून कडेवर घेतले.

धाकटा पाण्यातूनच तडकला, "तुला माझं बरं झालेलं बघवत नाही!"

"नाहीच बघवत," ताई म्हणाली. "आता डोळे नीट उघड आणि दाखव सगळ्यांना."

त्याचे डोळे लालभडक झाले होते. एकेक आई आपल्या मुलाचा टॉवेल गोळा करू लागली.

त्या संध्याकाळी धाकटा जिना चढून वर गेला. "ताई, तलाव वाचव," तो म्हणाला.

"वाचवते. पण ब्रश तू मारायचा. रोज सकाळी, लोक फिरायला निघतात तेव्हा. मला तुला वाकलेलं बघायचंय."

तसेच झाले. ताईने अर्धे पाणी काढून ताजे भरले, सोड्याची पूड मिसळून पाण्याची भूक शमवली आणि नळीतला रंग जागेवर आणला. धाकटा लांब दांड्याचा ब्रश घेऊन भिंती घासत राहिला. येणारेजाणारे थांबून बघत. "बस झालं का गं?" तो कळवळून विचारायचा. नेमका तेव्हाच माझ्या कोपऱ्यातून चुन्याचा एक ढग उठायचा, आणि ताई म्हणायची, "नाही." तो ढग मी मुद्दाम सोडत होतो, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

शेवटी थोरल्या गवंड्याला बोलावले. "हा सगळा खडबडीतपणा घासून देतो, मागमूस राहणार नाही," तो म्हणाला.

"मुलांच्या वाटेतलं घास," ताई धाकट्याकडे बघत म्हणाली. "पायऱ्यांच्या कठड्याखालचा हा एवढा खरखरीत तुकडा राहू दे. तो याचा आहे."

आता मुले पुन्हा येतात. धाकटा कठडा धरून खाली उतरतो तेव्हा त्याचा पाय त्या खरखरीत तुकड्यावर पडतो. तो क्षणभर थांबतो आणि चिमीला पाण्यात घेण्याआधी विचारतो, "ताई, आज रंग बघितलास ना?" बहीणभाऊ आता एका ताटात जेवतात म्हणे. त्यांचे ते बघोत. तुकडा माझ्या अंगावर आहे.

मित्रांनो, ज्यांना ओरडता येत नाही त्यांच्यावर काही ओतण्यापूर्वी दोनदा विचार करा. आणि आपले भांडण त्यांच्या अंगावर लढू नका. माझ्याकडे माफी मागायला येऊ नका, ती माझ्यापाशी नाही. मला नीट जपा, म्हणजे मागायची वेळच येणार नाही.