मास्तर चालले, असं माझ्यावर लिहिलं

मी फळा बोलतोय. लालबागच्या धाकू शेटच्या चाळीत, जिन्याखाली, नळाशेजारच्या भिंतीला टांगलेला. आजवर लोक माझ्यावर लिहीत आले आणि मी गप्प राहिलो. माझ्या गप्प राहण्यात एका भल्या माणसाचं वाटोळं झालं, म्हणून आता तोंड उघडतोय. उशीर झालाय, हे मलाही कळतं.

जन्मानं मी विलायती. गिरणीत सूत कातायच्या नव्या चात्या ज्या खोक्यातून आल्या, त्या खोक्याच्या चार फळ्या म्हणजे मी. साचेखात्यात माग चालवणाऱ्या राजारामनं त्या मुकादमाकडून मागून आणल्या, रंधा मारला, काजळी आणि सरसाचे तीन हात दिले आणि मला भिंतीवर चढवलं. राजारामचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. त्याच्या सदऱ्याच्या खिशात कायम खडू असायचा, आणि त्याच्याशिवाय माझ्यावर कुणी रेघ ओढायची नाही असा चाळीचा दंडक होता.

सुरुवातीला माझ्यावर काय यायचं? उद्या नळ पहाटे चारला येईल. भजनी मंडळाची बैठक शनिवारी. दुसऱ्या मजल्यावरच्या राधाबाईंचा तांब्या हरवलाय, सापडल्यास आणून द्यावा. अशी माझी साधीसुधी नोकरी होती.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि मला उसंत राहिली नाही. सभा कुठे, मोर्चा किती वाजता, हरताळ कधी, सगळं माझ्यावर. छप्पन्नच्या जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा आमच्या भागातल्या कोणाला कुठल्या इस्पितळात नेलंय, ते राजाराम लिहीत होता. ज्या बायकांना वाचता येत नव्हतं त्या दुसऱ्यांकडून नावं वाचून घेत होत्या आणि तिथंच मटकन खाली बसत होत्या. त्या यादीत एकही नाव चुकलं नाही. त्या दिवसापासून चाळीत म्हण पडली, ‘फळ्यावर आलं म्हणजे खरं.’ मला त्याचा अभिमान वाटायचा. कशाला लपवू?

आता आमच्या फुटबॉलचं सांगतो. तुम्ही म्हणाल, गिरणगावात हुतुतू ऐकलाय, आखाडे ऐकलेत, हा फुटबॉल कुठून आला? तो आणला बाबुराव मास्तरांनी. गिरणीत फिटर, आणि ‘नवजीवन स्पोर्टिंग’ या आमच्या क्लबाचे मॅनेजर. मॅनेजर हा शब्द फक्त अर्जावर. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पहाटे साडेचारला दारोदार फिरून ते पोरांना उठवायचे. पोरं अनवाणी खेळायची, तर यांनी गिरणीतल्या पट्ट्यांचं टाकाऊ चामडं आणून स्वतः बूट शिवले. शिवडीच्या कोळीवाड्यातला जगन मासळीची टोपली एका हातानं झेलताना यांनी बघितला आणि दुसऱ्या दिवशी त्याला गोलात उभा केला.

छप्पन्नच्या ऑक्टोबरात मास्तर नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आले. तोवर सामन्याआधी गोलखांबापाशी नारळ फुटायचा. परत आल्यावर मास्तर हसून म्हणाले, “तुम्ही फोडा हो नारळ. मी तेवढ्यात बुटांच्या नाड्या तपासतो.” कुणाला राग आला नाही, कारण सामन्यात नाड्या सुटायच्या त्या नेहमी समोरच्यांच्या. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं देवभोळी आणि निम्मी बौद्ध, पण रविवारी कूपरेजच्या मैदानावर निघालेली माणसं एकाच घरची वाटायची. निकाल राजाराम माझ्यावर लिहायचा आणि खाली मास्तरांचं नाव ठळक काढायचा.

अठ्ठावन्न साली आमच्या पोरांनी तीन बडे क्लब लोळवले. तेव्हा एका मोठ्या गिरणीच्या क्लबाचे, काळी टोपी घातलेले एक गृहस्थ मास्तरांना भेटायला आले. दुपारची वेळ. पाळीवाले पाळीवर, रातपाळीवाले झोपलेले. माझ्याखालच्या बाकड्यावर दोघं बसले.

टोपीवाले म्हणाले, “आमच्याकडे या बाबुराव. हिरवळीचं मैदान आहे, पोरांना दूध-अंडी आहेत. राहायला खोली देऊ.”

मास्तर म्हणाले, “दूध-अंडी आमच्या पोरांना नाहीत, खरंय. पण मी गेलो तर त्यांना पहाटे उठवायचं कुणी? नाही जमायचं साहेब. चहा घेऊन जा.”

एवढंच बोलणं झालं. नकार स्वच्छ होता, आणि तो फक्त मी ऐकला.

पण टोपीवाले मोटारीत बसत असताना कोपऱ्यावरच्या पानवाल्या शामरावनं त्यांना पाहिलं. शामराव क्लबाचा अट्टल भक्त. एकही सामना चुकवायचा नाही, आणि सामना नसेल त्या दिवशी त्याच्या पोटात अंदाज शिजत असायचे. संध्याकाळी नळावर त्यानं आवाज टाकला, “ऐकलंस काय राजाराम? मास्तरांना मोठ्या क्लबानं गळाला लावलान.”

झालं. दुसऱ्या दिवसापासून मास्तरांच्या प्रत्येक पावलाचा अर्थ लागायला लागला. मास्तरांनी नवं धोतर घेतलं. म्हणजे तिकडं नेसून जायला. मास्तर शिवडीकडं गेलेले दिसले. जगनलाही फोडतायत वाटतं. मास्तर कुणाशी फारसं बोलत नाहीत; मन उडालंय त्यांचं. वास्तविक मास्तर आले की हेच लोक गप्प होत, मग ते बोलणार कोणाशी?

सगळ्यात कहर राधाबाईंनी केला. “कौसल्याबाईनं काल सगळ्या भांड्यांना कल्हई लावून घेतली,” त्या म्हणाल्या. “बाई उगाच सगळी भांडी काढते होय? बिऱ्हाड हलवायचं असेल तरच.”

कौसल्याबाई म्हणजे मास्तरांची बायको. कल्हईवाला सहा महिन्यांनी चाळीत आला होता, आणि राधाबाईंनीही त्याच दिवशी आपली चार पातेली दिली होती. पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मास्तरांना कुणकुण लागलीच. एकदा नळावर कौसल्याबाई कुजबुजल्या, “अहो, सांगून टाका ना एकदा, जात नाही म्हणून.”

“विचारतील की,” मास्तर म्हणाले. “विचारलं की सांगेन. आपणहून ‘मी राहतो बरं का’ म्हणणं बरं दिसत नाही. उपकार केल्यासारखं वाटतं.”

आणि इकडं? एकटा राजाराम शामरावला म्हणाला, “अरे, पण त्यांना कुणी विचारलंय का?”

“असं तोंडावर विचारतात होय रे?” शामराव त्याच्यावरच उखडला. “एवढा मोठा माणूस, ओशाळा होईल ना! तू आपला लिही. पोरांना कळायला नको?”

राजारामनं खिशातून खडू काढला. मला लाकडाचं अंग आहे, नाहीतर मी त्या भिंतीवरून स्वतःला पाडून घेतलं असतं. त्यानं लिहिलं: ‘खात्रीलायक वृत्त. बाबुराव मास्तर नवजीवन सोडून चालले.’ ज्या अक्षरानं त्यानं इस्पितळाची यादी लिहिली होती, त्याच अक्षरानं.

सकाळी मास्तर बादली घेऊन आले. त्यांनी वाचलं. बादली भरून वाहायला लागली तरी ते वाचत होते. मागे सात-आठ जण रांगेत उभे होते. त्यातल्या एकानं जरी ‘मास्तर, खरं काय हो?’ म्हटलं असतं, तरी पुढचं सारं टळलं असतं. सगळे आपापल्या कळशीत बघत राहिले. मास्तरांनी नळ बंद केला आणि पाणी घेऊन वर गेले.

आमचे लोक तसे रीतीला पक्के. जाणाऱ्याला तसंच कसं जाऊ द्यायचं? लगेच निरोप समारंभ ठरला आणि तोही माझ्यावर जाहीर झाला. रविवारी संध्याकाळी चौकात सतरंज्या पडल्या. नारळ आणि टिळा मास्तरांना चालणार नाही, एवढं मात्र सर्वांनी आठवणीनं टाळलं. शाल दिली, हार घातला आणि एक नवी पितळेची शिट्टी दिली. शामरावनं भाषण केलं आणि भाषणात रडला. राजाराम रडला. जगन तर ओंजळीत तोंड घालून बसला होता. त्यांचं रडणं खोटं नव्हतं हो. खोटं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

शेवटी मास्तर उठले. आता सांगतील, आता तरी सांगतील, म्हणून माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी सगळ्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, “तुम्ही ठरवलंच आहे, तर तसं होऊ दे.” आणि ते खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

निरोप घेतलेल्या माणसानं दुसऱ्या दिवशी त्याच नळावर बादली घेऊन उभं कसं राहायचं? आठवड्याच्या आत बिऱ्हाड हललं. मोठ्या गिरणीच्या खोलीत नव्हे. अँटॉप हिलला, कौसल्याबाईंच्या भावाकडं, स्वयंपाकघराच्या बाजूची दीड खण जागा. सामानाची हातगाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा शामराव म्हणाला, “बघा! बोललो होतो की नाय?”

दोन महिन्यांनी त्याच मोठ्या क्लबाशी आमचा सामना लागला. ‘मास्तरांना दाखवून देऊ’ म्हणून सारी चाळ कूपरेजला गेली. परत आली ती चार गोल खाऊन. पण हार हे दुःख नव्हतं. समोरच्या बाकावर भलताच मॅनेजर बसला होता. जगननं सामना संपल्यावर त्या टोपीवाल्या गृहस्थांना गाठलं आणि माझ्यासमोर येऊन तो सगळ्यांना सांगू लागला, “मी इचारलं त्यांना, आमचे मास्तर खंय हाय? ते बोलले, बाबुराव? ते आले कुठं आमच्याकडं! पहिल्याच दिवशी नाय म्हनाले, चहा पाजून लावून दिला मला.”

शामराव बाकड्यावर बसला तो बराच वेळ उठला नाही. राजारामनं मला ओल्या फडक्यानं पुसलं, दोनदा पुसलं, आणि लिहिलं: ‘मास्तर, आमचं चुकलं. परत या. समस्त चाळकरी.’

वाचलंत ना? त्यांनी ते माझ्यावर लिहिलं. लालबागच्या जिन्याखाली. आणि मास्तर अँटॉप हिलला.

नवजीवन त्याच मोसमात मोडलं. पहाटे उठवणारं कुणी नव्हतं. जगन पुन्हा होडीवर जाऊ लागला. ती ओळ मात्र कुणी पुसेना. पुसली तर मास्तरांचा अपमान होईल म्हणे. साठ साली महाराष्ट्र राज्य झालं, मुंबई आपल्याला मिळाली, चाळीत दिवे लागले, पेढे वाटले. तेव्हाही राजारामनं वरच्या अर्ध्या भागात ‘महाराष्ट्र चिरायू होवो’ लिहिलं आणि खालची ओळ तशीच राखली. मुंबईसाठी हीच माणसं लाठ्यांपुढं उभी राहिली होती. दिल्लीला जाब विचारायला ती कचरली नाहीत. आपल्याच माणसाला एक साधा प्रश्न विचारायला मात्र त्यांची जीभ वळली नव्हती.

मागच्या महिन्यात कौसल्याबाई आल्या होत्या, राधाबाईंकडं ठेवलेला पाटा-वरवंटा न्यायला. जाताना माझ्यासमोर थांबल्या. हळूहळू अक्षरं लावून त्यांनी ती ओळ वाचली. चाळकरी भोवती गोळा झाले.

“इथं कशाला लिहिलंत?” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. “ते इकडं फिरकत नाहीत. रविवारी अजून साडेचारला उठतात. बूट घालतात आणि दारात बसतात. जिन्यात पाऊल वाजलं की मान वर करतात. पेपरवाला असतो.”

“येतो वहिनी,” शामराव डोळे पुसत म्हणाला. “या रविवारी सगळेच येतो. आईशपथ.”

त्याला आता चार रविवार झाले.

अँटॉप हिल काही सातासमुद्रापलीकडं नाही. इथून चालत गेलं तरी सव्वा तासाची वाट. मला पाय असते तर मी केव्हाच जाऊन त्या दारात उभा राहिलो असतो. वाचकहो, तुमचं त्या बाजूला काही काम निघालं तर एवढं करा. बाबुराव फिटर म्हणून विचारा. आत जा, बसा, आणि त्यांना तोंडावर विचारा, मास्तर, येता का? उत्तर काय येईल ते येवो. पण विचारा.

कारण इथलं काही खरं नाही. आज पाचवा रविवार. सकाळपासून राजाराम, शामराव आणि चारपाच जण धुतलेले कपडे घालून माझ्याखाली बसलेत. “मास्तर दार उघडतील काय रे?” “चिडलेले असतील.” “मला वाटतं, बोलणारच नाहीत.” “नाय रे, आत बोलावतील, पण परत काय यायचे नाहीत.” ऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आलंय. अजून कुणी उठलेलं नाही.